मच्छरदाणीतला हात

"त्या अलीमनं माज्या ओमचा जीव घेतला. उद्या पोलिसात जातो. त्याच्या आदी तुमी पुरावा काढून द्या."

मिरजगावचे आसाराम खासगी तपास करणाऱ्या पंकजाच्या नगरच्या ऑफिसात बसले होते. त्यांचा धाकटा मुलगा ओम आठवड्यापूर्वी डेंग्यूनं गेला. लॅबवाल्या अलीमनं दोनदा घरी येऊन त्याचं रक्त नेलं होतं. पहिल्या तपासणीत शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी आणि फेरिटिन भलतंच चढलेलं, प्लेटलेट घसरलेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं नॉर्मल! डॉक्टरांनी ओमला नगरला हलवणं रद्द केलं आणि तिथंच घात झाला.

"रक्ताच्या नळ्या बदलल्या, दुसरं काय?" पंकजाचा सहकारी बिभीषण गाडी काढताना म्हणाला. एवढ्यासाठी मिरजगाव गाठायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

अलीम रिकाम्या लॅबमध्ये बसून होता. गावातलं कुणी आता त्याच्याकडे फिरकत नव्हतं.

"त्या दिशी दोन पेशंटच्या दोनच नळ्या हुत्या, ताई. दोनी डेंग्यूच्याच."

"रक्त कसं घेतलंत?"

"मोबाईलच्या उजेडात. ओमचं डोळं दुखत्यात म्हनून त्याच्या आईनं, केशरमावशीनं खिडकी लावलेली. तिनंच मच्छरदानीतनं हात भायेर काढला. आदल्या दिशी शीर घावता घावंना, आन् त्या दिशी एका टोचन्यात काम. हातबी गार लागला. कापूस दाबा म्हनलं, तर हात झटक्यात आत गेला."

"म्हणजे ताप उतरला होता," बिभीषण म्हणाला.

ओमच्या घरी केशरबाईंनी मात्र सांगितलं, "त्या दिशी दिसभर अंग भाजत हुतं. घड्या ठिवून ठिवून हात दुखलं माजं."

ओमचा थोरला भाऊ भागवत उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून होता. हात धुताना त्यानं बाही वर केली, तेव्हा कोपराच्या खोबणीत हिरवट डाग दिसला. लगेच त्यानं बाही खाली ओढली. काम करताना लागलं असेल, असं बिभीषणला वाटलं.

पंकजानं अलीमला तिथंच बोलावून घेतलं आणि ती आसारामांना म्हणाली,

"काका, नळ्या बदलल्या असत्या तरी रक्त डेंग्यूचंच निघालं असतं. फेरिटिन एका रात्रीत असं उतरत नाही. ते रक्त धडधाकट माणसाचं होतं. अंग भाजत असताना हात गार कसा? न सापडणारी शीर एकदम कशी सापडली? आणि कापूस दाबला नाही की डाग पडतो. भागवत, बाही वर कर."

भागवत हमसून रडायला लागला. नळ्याच बदलल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं बिभीषणला मनापासून वाटलं.

"त्याला काय इचारता," केशरबाई म्हणाल्या. "म्याच निजवला त्याला ओमच्या जागी. पोर पांढरंफटक पडलं हुतं. आनिक रक्त काढलं तर त्याच्यात ऱ्हाईल काय? म्हनलं, एका आईची लेकरं, भावाचं चालंल."

आसाराम भिंतीला टेकून खाली बसले. अलीमकडे बघायचा धीर त्यांना होईना.

केशरबाईंनी आपला उघडा हात अलीमपुढं केला. "माजं काढ रे बाबा. पायजे तेवढं काढ."

अलीमनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.