एक इंच कमी

सतरा नंबरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, म्हणून नेल सरळ आत शिरली. त्यात तिचं काही चुकलं नाही. जुलैतल्या त्या आठवड्यात मर्टल फोर्क गावच्या मोटेलमध्ये सगळीच दारं उघडी असतात. जुन्या भांड्यांचे वेडे देशभरातून येतात, गाद्या उभ्या करून भिंतीला टेकवतात, पलंगांवर फळ्या टाकतात आणि त्यांवर फुलदाण्या, सुरया, कुंड्या मांडून दुकानं थाटतात. रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

सतरा नंबरवाल्याला तर दुसरा मोजाही सापडलेला नव्हता. एक पाय मोज्यात, एक पाय उघडा, अशा थाटात तो एक हिरवी सुरई खिडकीच्या उजेडात धरून उभा होता.

“दुकान उघडायला अजून दहा मिनिटं आहेत,” तो वळून न बघताच म्हणाला.

“दार उघडं होतं.”

“ते हवेसाठी.”

“मग हवाच आली असं समजा.”

आता मात्र तो वळला. आणि वळला तो बघतच राहिला... उघडा पाय मोज्यातल्या पायामागे लपवायचा त्यानं एक केविलवाणा प्रयत्न केला. नेलला हसू आलं. तिनं ते लपवलं नाही.

ग्रेडी शूमेकर हे नाव तिनं गावात ऐकलं होतं. विस्कॉन्सिनहून येतो, वय तिशीच्या आत, पण बिक्सबी कारखान्याचं भांडं नुसत्या स्पर्शानं ओळखतो म्हणे. बिक्सबी म्हणजे मर्टल फोर्कचाच, तीस वर्षांपूर्वी बंद पडलेला कारखाना. तिनं टॉवेलात गुंडाळून आणलेली फुलदाणी सोडवली आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“टेबलावर ठेवा.”

“अहो, घ्या की!”

“हातातून हातात कधी द्यायचं नाही. तुम्ही ठेवायचं, सोडायचं, मग मी उचलायचं. मध्येच पडलं तर कुणाच्या हातून फुटलं, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं पाहिलंय मी.”

“अंगठीसुद्धा टेबलावरच ठेवता वाटतं?”

“तशी... अजून वेळ आली नाही,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

नेलनं फुलदाणी टेबलावर ठेवली. “मला किंमत नकोय. ही कारखान्याच्या साच्यातून निघालीय की कुणी स्वतः बनवलीय, एवढंच सांगा.”

का विचारतेय, ते मात्र तिनं सांगितलं नाही. दयेपोटी दिलेलं गोड उत्तर तिला नको होतं.

ही फुलदाणी तिच्या हेस्टर आत्याची. नेलचे आईवडील ती सहा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून आत्यानंच तिला वाढवलं. हीच आत्या १९३९ साली, विसाव्या वर्षी, बिक्सबीत भांड्यांवर फुलं रंगवायची. तिथेच ओरिन पेटिट नावाचा एक अबोल मुलगा भट्ट्या भरायचा. एका दुपारी तो कोटात गुंडाळून ही फुलदाणी घेऊन आला आणि म्हणाला, “जेवणाच्या सुट्टीत बसून केली. तुझ्यासाठी.” पोरी खिदळल्या. साच्यांच्या खोलीला कुलूप असतं, भट्टी भरणाऱ्याला साचा कोण देतंय? आणि हसण्याला घाबरून हेस्टरनं सगळ्यांदेखत विचारलं, “कुठून चोरलीस?” ओरिननं फुलदाणी तिच्यापुढे ठेवली आणि तो भट्टीकडे निघून गेला. शनिवारी तो अ‍ॅक्रनची बस धरून टायरच्या कारखान्यात गेला, तिथून लढाईवर, आणि परत आलाच नाही. हेस्टरनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, वेळच मिळाला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तिच्या हृदयानं दोनदा दगा दिला. त्यानंतर एकदा ती नेलला म्हणाली, “तो खोटं बोलला होता का गं? एवढं कळलं ना, की मी मोकळी.”

ग्रेडीनं फुलदाणी उपडी केली. बुडावरून अंगठा फिरवला. नखानं टिचकी मारली, तेव्हा स्वच्छ नाद आला. मग लाकडी पट्टी लावून त्यानं माप घेतलं आणि ते वहीत टिपलं.

“बिक्सबी, नंबर एकशे चौदा, आयरिसची फुलं. खरी बारा इंच असते, ही अकरा भरतेय. खाली ना नाव, ना नंबर.” त्यानं मान हलवली. “नक्कल आहे.”

“कशावरून?”

“खऱ्या फुलदाणीवर प्लास्टर चढवून साचा काढतात. त्यात माती ओतली की ती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून नक्कल नेहमी लहान निघते. आणि ही फुलं बघा. रंगवणाऱ्यानं आयरिस कधी पाहिलंच नसावं, कांद्याची पात पाहिली असावी. हल्ली ढिगानं येतात अशा. दहा वर्षांपलीकडची नाही ही.”

“माझ्या आत्याच्या फडताळावर ती सत्तावन्न वर्षं आहे!”

“सगळ्यांच्याच आत्यांच्या फडताळांवर असतात तेवढी वर्षं,” तो हसत म्हणाला. हे वाक्य त्यानं त्या आठवड्यात किमान चाळीस वेळा म्हटलं असेल, आणि दरवेळी समोरचा हसला होता. नेल हसली नाही.

“म्हणजे माझी आत्या खोटं बोलते?”

“तसं नाही हो, पण आठवणी... कधी कधी...”

त्यानं सवयीनं कार्ड लिहून पुढे केलं. ‘नक्कल. अलीकडची.’ नेलनं कार्ड घेतलं, फुलदाणी टॉवेलात गुंडाळली आणि दारातून वळून म्हणाली, “तुमचा दुसरा मोजा त्या निळ्या कुंडीत आहे. वस्तू ओळखता छान, नीट बघायला शिका!”

घरी येऊन तिनं आत्याला थाप मारली. “तज्ज्ञ काही भेटला नाही.”

हेस्टर खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. “बरं. दिसायला कसा होता?”

“कोण?”

“न भेटलेला.”

“आत्या!”

“एवढी चिडलीस म्हणजे बरा असणार,” हेस्टर म्हणाली आणि वाटाण्यांकडे वळली.

खरं सांगायचं तर नेल त्याच्यावर चिडली होती आणि त्याहून जास्त स्वतःवर. ज्या माणसानं आपल्या आत्याला खोटं पाडलं, त्याचे लाल झालेले कान आपल्याला सारखे का आठवावेत? तिनं दिवसभर घर पुसलं. पुसलेलंच परत पुसलं.

रविवारी दुपारी पाऊस भुरभुरत होता. मोटेलमधली दुकानं आवरून लोक आपापल्या गावी निघाले होते. अशात एक जुना ट्रक दाराशी थांबला आणि काखोटीला खोकं मारून ग्रेडी शूमेकर पायऱ्या चढला. या वेळी दोन्ही पायांत मोजे होते, पण दोन रंगांचे. नेल जाळीच्या दाराआड उभी राहिली. तिनं कडी काढली नाही.

“पत्ता कुणी दिला?”

“मोटेलच्या मालकिणीनं. तीन मिनिटांत पत्ता दिला आणि पुढे अर्धा तास तुमच्याबद्दल बोलत होती.” त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. “माझं चुकलं. तेवढं सांगायला आलोय. ते कार्ड परत द्या.”

“विस्कॉन्सिन दुसरीकडे आहे.”

“माहितीय. पण...”

“नेल,” आतून हेस्टर म्हणाली, “त्या न भेटलेल्याला ओसरीवर बसव. मी येतेच.”

ओसरीवरच्या टेबलावर फुलदाणी मध्ये ठेवली गेली. एका बाजूला हेस्टर, मांडीवर वाटाण्यांचा वाडगा. दुसऱ्या बाजूला ग्रेडी. नेल खांबाला टेकून उभी, हाताची घडी घालून.

“बाजारातल्या नकला दहा, फार तर साडेदहा इंच भरतात,” त्यानं सुरुवात केली. “त्यांची माती परकी, ती जास्त आकसते. इथल्या टेकडीच्या मातीचं बारा इंचाचं बरोबर अकरा होतं. मी वहीत स्वतःच्या हातानं अकरा लिहिलं, आणि लिहिलेलं वाचलंच नाही. काल संध्याकाळी वही चाळताना दिसलं... जेवण गेलं नाही मला.”

त्यानं खोक्यातून बिक्सबीच्या उकिरड्यावर वेचलेली दोन खापरं काढली आणि फुलदाणी उपडी करून शेजारी ठेवली. तीच पिवळसर माती, तेच बारीक काळे ठिपके.

“आणि हे तीन टोचे पाहा. भट्टीत भांडं तीन टोकांच्या तिवईवर ठेवायचे, त्याच्या खुणा या. एवढ्या लांब टोकांची तिवई फक्त बिक्सबीत वापरायचे. ही तिथल्याच मातीची आणि तिथल्याच भट्टीत भाजलेली आहे.”

“म्हणजे कारखान्याची,” नेलचा आवाज पडला.

“नाही ना! कारखान्याचा साचा आकसणं धरून मोठाच केलेला असतो. त्यातली असती तर बारा इंच भरली असती.”

हेस्टरचे हात थांबले. सत्तावन्न वर्षं जपलेला प्रश्न तिनं अगदी हळू विचारला. “साच्यांच्या खोलीला कुलूप असायचं, पोरा. मग?”

तो प्रश्न काय आहे, याची ग्रेडीला कल्पनाच नव्हती. तो आपला उत्साहानं सांगत सुटला.

“म्हणूनच तर! ज्यानं केली त्याला साचा मिळतच नव्हता. त्यानं एक तयार फुलदाणी घेतली, तिच्यावर प्लास्टर चढवून स्वतः साचा काढला, माती ओतली, फुलं रंगवली, झिलई दिली. किती दुपारी गेल्या असतील, देव जाणे. मग भट्टी भरताना एका कोपऱ्यात गुपचूप ठेवून दिली. असं लपवून ठेवायला कोपरे माहीत हवेत, म्हणजे भट्टी भरणाराच असणार. जेवणाच्या सुट्टीत कामगार आपल्या माणसांसाठी असं काहीबाही करायचे. ही चोरलेली असती ना बाई, तर एक इंच जास्त भरली असती.”

वाडगा कलला. वाटाणे ओसरीभर टपटपले. कुणी ते उचलायला वाकलं नाही.

“परत सांग,” हेस्टर म्हणाली.

“चोरलेली असती तर... एक इंच जास्त भरली असती.”

“मी त्याला चोर म्हटलं.” तिच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते वाहू दिलं. “सगळ्यांसमोर म्हटलं. आणि फुलं बघून मला वाटायचं, कुणीतरी टाकून दिलेला माल उचलून आणला असेल. माझ्यासारखी काढायला गेला होता गं तो! माझा ओरिन... ती बघ, कांद्याची पात काढून ठेवलीय वेड्यानं!”

आणि रडता रडता ती हसली. नेल तिच्या पायांशी बसली, तिचे दोन्ही हात धरून. ग्रेडी ओशाळून उभा होता. काय घडलं ते त्याला उमगलं, तसे त्याचेही डोळे भरले. त्यानं जुनं कार्ड मागून घेतलं, फाडलं आणि नवं काढलं.

“पूर्ण नाव काय त्यांचं?”

त्यानं सावकाश लिहिलं. ‘ओरिन पेटिट. जेवणाच्या सुट्टीत, हेस्टरसाठी. १९३९.’

हेस्टरनं कार्ड दोनदा वाचलं, पदराआड ठेवावं तसं अंगावरच्या शालीत ठेवलं आणि उठली. “मी खायला काहीतरी घेऊन येते. मला वेळ लागेल, घाई नाही. आणि नेल, मी एका वाक्यात सत्तावन्न वर्षं घालवली. तू जरा जपून बोल.”

जाळीचं दार लागलं. ओसरीवर दोघंच उरले. पाऊस पन्हाळीतून बोटभर धारेनं खाली पडत होता.

“नऊ तासांचा रस्ता आहे,” ग्रेडी म्हणाला, पण हलला नाही.

“पुढच्या जुलैत याल ना?”

“यायला हवं... पण जुलैपर्यंत मला धीर निघेल असं वाटत नाही. काल तुम्ही गेल्यापासून मी त्या खोलीत एकही भांडं धड बघितलेलं नाही. तुम्ही दारात कशा उभ्या होतात, तेच दिसतंय.” तो एकदम थांबला. “ऑगस्टमध्ये आलो तर?”

“दार उघडं असेल.”

“हवेसाठी?”

“नाही,” नेल म्हणाली. मग आणखी हळू, “तुझ्यासाठी.”

त्याचे कान लाल झाले. या वेळी तिचेही झाले असावेत, पण सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

तिनं फुलदाणी उचलली. “ही फडताळावर ठेव. तुझा हात पुरतो.” आणि तिनं ती त्याच्यापुढे धरली. सवयीनं त्याचे हात पाठीमागे गेले.

“टेबलावर...”

“नाही. हातातून हातात.”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केले. थंडगार झिलईवर त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि तिथेच राहिली. दोघांपैकी कुणीच सोडेना.

“पडली तर कुणाच्या हातून फुटली म्हणायची?” तिनं विचारलं.

“आपल्या,” तो म्हणाला.