‘रक्ताची रुई’मधली बहीण

सेलूहून वर्ध्याला जाणारी एसटी वळणावर झुकली आणि वरच्या रॅकवरून अपेक्षाच्या मांडीत एक तुटलेला हात पडला.

हात बाईचा होता. कोपराखाली कापलेला, कडेला रक्त सुकलेलं, मनगटात हिरव्या बांगड्या. शेजारची म्हातारी "अवं माय वं!" करत उठून उभीच राहिली. अपेक्षाने मात्र तो उलटा करून पाहिला, बोटं दाबून पाहिली. रबर होतं.

"सॉरी... सॉरी हां मॅडम," मागच्या सीटवरून एक तरुण धडपडत पुढे आला. दाढी अर्धवट वाढलेली, आणि चेहरा असा, की खून त्यानेच केलाय आणि आता कबूल करायला आलाय. "माझा आहे तो. पोस्टरच्या फोटोसाठी नेऊन राह्यलो."

"नखं मस्त केली तुम्ही," अपेक्षा म्हणाली. "पण कुऱ्हाडीनं हात तोडला अन् बांगडी एकही नाई फुटली? काऊन?"

त्याने हात परत घेऊन बांगड्या फिरवून पाहिल्या. मग हळूच म्हणाला, "हे... हे मले आजवर कोणी विचारलंच नाई."

म्हातारीने जागा बदलली, आणि तो तिच्या जागेवर बसला.

अपेक्षा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेची. सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, रोज एसटीने ये-जा करायची. सवडीने घराच्या गच्चीवर मोबाइल उभा करून ती भीतिपटांवर बोलायची, आणि ते व्हिडिओ वर्ध्या-नागपूरकडची बरीच पोरं बघायची. तिचा नियम एकच होता. आधी चांगलं सांगायचं, मग वाईट, आणि ओळखीचा असो की परका, खोटं बोलायचं नाही. या नियमापायी नलू नावाची तिची शाळेपासूनची मैत्रीण तुटली होती. नलूच्या भावाच्या शॉर्टफिल्मला ती ‘झोप आणणारी’ म्हणाली होती, एवढंच.

तरुणाचं नाव अंकुश. सेलूत त्याच्या वडिलांचं, किसनरावांचं, कृषी केंद्र होतं. वडिलांशी त्याचं ठरलं होतं — एक सिनेमा करू द्या, मग मुकाट्याने दुकानात बसतो. तो एक सिनेमा म्हणजे ‘रक्ताची रुई’. बंद पडलेल्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, मित्रांना गोळा करून, उसन्या कॅमेऱ्यावर काढलेला. कापूस वेचून परतणारी एक मुलगी मारली जाते, मग तिच्या मैत्रिणी एकेक करून, आणि मारणारा तोंडावर बारदाना बांधून फिरतो.

"रविवारी दुपारी पहिल्यांदा दाखवून राह्यलो. येजा पाहाले," पवनारचा पूल मागे पडताना अंकुश म्हणाला. "अन् जे वाटंल ते सांगजा."

"जे वाटंल ते? पस्तावाल."

"बांगड्यांवरून पस्तावलोच आहे," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. अपेक्षाने उगाच खिडकीबाहेर पाहिलं. कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या, रुई वाऱ्यावर उडत होती. अंकुशचा हात तिच्या कानाजवळ येऊन... मध्येच थांबला.

"तुमच्या केसाले कापूस लागला."

"असू द्या," ती म्हणाली. "दिवसच कापसाचे आहेत."

रविवारी ती गेली. सेलूतल्या एका मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, समोर पांढरा पडदा होता. सिनेमा सुरू झाला आणि पहिला काही वेळ अपेक्षा आपण कुठे बसलोय हेच विसरली. पण मध्यंतरानंतर ती खुर्चीत सावरून बसली, मग चुळबुळली, आणि शेवटी तर तिने घड्याळ पाहिलं. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूरज, बारदाना बांधलेला तो मारेकरी, सगळ्यांशी हात मिळवत होता. अंकुश गर्दीतून फक्त तिच्याकडे बघत होता.

"व्हिडिओत सांगते," एवढं बोलून ती निघाली. सिनेमाबद्दल काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं. पण सांगून झाल्यावर हा माणूस परत एसटीत शेजारी बसणार नाही, असंही वाटत होतं... आणि त्याचं इतकं का वाटावं, हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर तिने गच्चीवर मोबाइल उभा केला.

"चांगलं आधी," ती म्हणाली. "हाती काई नाई म्हणून या पोरांनी मध्यंतरापर्यंत मारणारा दाखवलाच नाई, त्याची चाहूल ऐकवली. जिनिंगचा पत्रा वाऱ्यानं वाजते अन् आपण पाय वर घेऊन बसतो. पांढऱ्या कापसाच्या ढिगातून लाल डाग हळूहळू वर येते... तो शॉट मी विसरणार नाई. आता वाईट. बारदानावाला बोलत नाई तोवर भेव वाटते. मग तो बोलते. अन् बोलतच राह्यते. मरणाऱ्या पोट्टीलेही कंटाळा आला असंल. पोट्ट्या जीव वाचवाले उघडा दरवाजा सोडून माळ्यावर पळतात. तेही माफ. पण एक माफ नाई. चंचल नावाची पोट्टी सगळ्यात आधी मरते, अन् पिक्चरभर तिले शोधाले कोणी येत नाई. माय नाई, बहीण नाई, शेजारीण नाई. जिची कोणी वाटच पाह्यत नाई, तिच्यासाठी आपण काऊन घाबरायचं? या पिक्चरमध्ये रक्त लय आहे. मरण नाई."

शेवटचा भाग कापावा का, याचा तिने बराच वेळ विचार केला. कापला नाही.

व्हिडिओखाली सूरजने लिहिलं, ‘एवढं येते तर स्वतः करून दाखवा.’ अंकुशने काहीच लिहिलं नाही. एसटीतही तो दिसेना. गाडी कृषी केंद्रासमोरून जायची तेव्हा काउंटरवर किसनराव असायचे, एकटेच. आपण चुकीचं बोललो नाही, हे अपेक्षाला पक्कं माहीत होतं. त्याने बरं मात्र वाटत नव्हतं.

आणि एका दुपारी कॉलेज सुटलं तर फाटकाशी अंकुश उभा.

"रागावले?" तिने विचारलं.

"आधी रागावलो. मग लाजलो." तो चपलेने माती उकरत होता. "माझी लहान बहीण आहे, रिंकू. तिले बाजारातून याले उशीर झाला तर माय रस्त्यावर जाऊन उभी राह्यते. रोज पाह्यतो मी हे. अन् पिक्चरमध्ये हेच नाई सुचलं मले."

अपेक्षाने खांद्यावरची पिशवी सावरली.

"एक सीन नवा काढतो. चंचलची बहीण तिले शोधत जिनिंगात येते. तुम्ही करा."

"मी? मले ॲक्टिंग नाई येत."

"सूरज म्हणते, करून दाखवा."

"अन् तुम्ही काय म्हणता?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी म्हणतो... या."

ती गेली. जिनिंगात तुटक्या पत्र्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरले होते. सूरज हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून तिच्या चेहऱ्यावर उजेड पाडत होता. आधी जरा घुश्श्यातच होता. अपेक्षाने दारातून आत यायचं होतं आणि बहिणीला हाक मारायची होती.

"चंचल!" तिने मारली.

"मॅडम," अंकुश कॅमेऱ्यामागून म्हणाला, "हजेरी नका घेऊ."

सूरज इतका हसला की तक्ता खाली पडला. पुन्हा केलं. या वेळी तिने डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला.

"आता काय चुकलं?"

"तुम्ही भेऊन राह्यल्या."

"भेवाचा पिक्चर आहे ना!"

"आहे. पण तिले कुठं माहीत?" अंकुश जवळ आला. तिच्या खांद्यावरचा पदर सरकला होता, तो त्याने दोन बोटांनी, कापडालाच फक्त धरून, नीट केला. "तिले वाटते, बहीण मैत्रिणींसोबत गप्पा मारत बसली. ती थकली आहे. थोडी चिडली आहे. बाकी काई नाई."

अपेक्षा पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. कापसाच्या ढिगापाशी थांबली.

"चंचल..." ती साध्या आवाजात म्हणाली. "चाल ना वं घरी. माय जेवाची थांबली आहे."

कोणी उत्तर दिलं नाही. ती तिथेच उभी राहिली. वर पत्रा किंचित वाजला. तिने चपला काढल्या, ढिगाच्या कडेवर बसली, आणि खरंच कोणाची तरी वाट बघायला लागली.

अंकुशने ‘कट’ म्हटलंच नाही.

"अरे, झालं का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"हो... झालं," तो म्हणाला. "मी विसरलो."

कॅमेऱ्यात बघायचं की तिच्याकडे, हे त्या माणसाला कळत नव्हतं. तेवढं अपेक्षाला दिसलं. त्या दिवसानंतर सिनेमाच्या कामाला वर्ध्याला जाणाऱ्या अंकुशसाठी एसटीतली शेजारची जागा ती पिशवी ठेवून धरायची.

उन्हाळा लागता लागता ‘रक्ताची रुई’ वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये लागला, दुपारच्या खेळाला. एक आठवडाच. शेवटच्या दिवशी अंकुशची आई शकुबाई आली. भुताखेताचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणारी बाई, पण पोराचा सिनेमा म्हणून आली, आणि अपेक्षाच्या शेजारी बसली. सूरजने हट्टाने आपलं अर्धं भाषण ठेवून घेतलं होतं. त्यावर टॉकीजभर हशा पिकला, आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो सूरजच. पण जिनिंगच्या दारात बहीण आली तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प झाली. शकुबाईने अपेक्षाचा हात धरला तो सीन संपेपर्यंत सोडला नाही.

"घरी कोणी सांगतलं नाई का वं तिले," ती पुटपुटली, "की पोट्टी आता येत नाई?"

खेळ सुटला. शकुबाई रिंकूबरोबर बांगड्यांच्या दुकानाकडे वळली. अंकुश आणि अपेक्षा समोरच्या रसवंतीवर जाऊन बसले. चरकाचे घुंगरू वाजत होते.

"उद्या उतरते पिक्चर," अंकुश म्हणाला. "एका मोबाइल ॲपवाल्यानं घेतला, तेवढं बरं झालं. अन् सोमवारपासून मी दुकानात. म्हणजे आता तुमच्या शेजारी बसणारा युरिया विकणारा..."

"युरियाही लागते लोकाइले."

"मजाक नाई करून राह्यलो."

"मीही नाई." अपेक्षाने ग्लास बाकावर ठेवला. तिचे कान तापले होते, आवाज मात्र वर्गात असतो तसा सरळ होता. "मले तुम्ही आवडता. पिक्चर चालला म्हणून नाई, नाई चालला म्हणूनही नाई. तुम्ही म्हणाल म्हणून थांबून होती. तुम्ही काई म्हणत नाई, तर मी म्हणून टाकलं."

अंकुशचा रस पँटवर सांडला. त्याचं लक्षही नव्हतं.

"मी... मी आजच म्हणणार होतो. पाठ करून आलो होतो घरून." त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, मग उघडले. "गेलं सगळं. विसरलो."

"आठवते तेवढं सांगा."

रसवाल्याने ऊस पुन्हा चरकात घातला.

"मले तू पाह्यजे," अंकुश म्हणाला.

‘तू’ ऐकून अपेक्षाने खाली पाहिलं. मग हसू दाबत विचारलं, "बस?"

"बस. बाकी हेच होतं... लांब करून."

तिने आपला अर्धा रस त्याच्या रिकाम्या ग्लासात ओतला, आणि दोघं शकुबाईची वाट बघत बसून राहिले.