अठ्ठावीस–त्र्याऐंशीची गाठ

मोहिनी हांडे यांच्या जुन्नरच्या ऑफिसात गिऱ्हाईक येतं ते बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीसाठी. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे ठरलं होतं का. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला माणसांचा कंटाळा येतो, आणि मोहिनीबाईंना तो पुरेपूर आला होता. म्हणून त्या मंगळवारी दुपारी वैजयंती नावाची तिशीतली मुलगी समोर बसून "माझी वही चोरीला गेलीय," म्हणाली, तेव्हा त्यांनी चष्मासुद्धा चढवला नाही.

"पोलिसांत जा."

"गेले होते. हसले."

शेजारच्या खुर्चीत पेंगणाऱ्या गेणभाऊंनी एक डोळा उघडला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ मोहिनीबाईंचा मदतनीस होता. चालायला दांडगा, विचार करायला सावकाश.

"कसली वही व्हती?"

"संशोधनाची. नाचणीच्या दाण्यात एक प्रोटीन असतं, किडीला दाणा पचू देत नाही. एकशे अडुसष्ट अमिनो आम्लांची माळच म्हणा. पण ती सरळ राहत नाही, गुंडाळली जाते. मग माळेत लांब असलेले दोघं एकदम शेजारी येतात, एकमेकांना धरतात. कोण कोणाला धरतं ते मी शोधलं. दोनशे बारा जोड्या. सहा वर्षं गेली."

"मग?"

"वही सहा महिन्यांपूर्वी गेली, तक्ता तेवढा प्रबंधात उतरवून झाला होता. गेल्या महिन्यात त्याच जोड्यांचा तक्ता माझ्या सोबतच्या अमृतच्या नावावर छापून आला. शेवटी आमचे गाईड डॉ. भोर यांचंही नाव. आता उलट माझ्यावरच तक्रार आलीय, की माझ्या प्रबंधातला तक्ता मी त्यांचा उचलला. शुक्रवारी समिती बसणार. सिद्ध झालं तर माझं रजिस्ट्रेशन रद्द."

"कॉम्प्युटरवर तुझं काहीच नाही?"

वैजयंती जरा ओशाळली. "लॅबच्या पडद्यावर प्रोटीनचं चित्र बघायचं, कागदावर उतरवायचं आणि घरी, तळेघरला न्यायचं. तिथं वीज असली तर असते. मी आणि आईनं मणी ओवले, चित्राबरहुकूम माळ गुंडाळली, जवळ आलेले मणी दोऱ्यानं बांधले. मी लिहून दिलेल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या आईनं आधीच मोजून दर दहाव्या मण्याला लावल्या होत्या. त्यावरून मी वही लिहिली."

"ती माळ?"

"मणी शेजारणींचे होते. परत दिले."

"लॅबमध्ये हे कुणाला ठाऊक?"

"कुणालाही नाही. हसले असते. वही जायच्या आठवडाभर आधी तिच्यात माळेचं चित्र काढलं, तेवढंच."

मोहिनीबाईंनी सुस्कारा सोडला आणि चष्मा चढवला.

संशोधन केंद्र घोडेगावच्या रस्त्याला होतं. त्याचं नाव इथे देत नाही, तिथे अजून चार भली माणसं काम करतात. बुधवारी आधी भेटली वृषाली, लॅबच्या किल्ल्या सांभाळणारी.

"वही त्या शनिवारी टेबलावर होती, सोमवारी नव्हती," ती म्हणाली. "रविवारी मी लॅब दोघांनाच उघडून दिली. सकाळी अमृत, दुपारी भोर सर."

अमृत बारीक अंगाचा, सारखी बोटं मोडणारा मुलगा होता.

"तक्ता आमच्या प्रोग्रॅमनं काढला," तो म्हणाला. शाळेत कविता म्हणतात तसा म्हणाला, आणि दाराकडे बघितलं.

"सगळ्यांत महत्त्वाची जोडी कोणती?"

"पहिल्याच ओळीतली. अठ्ठावीस आणि त्र्याऐंशी. सिस्टीन नावाची दोन आम्लं एकमेकांना गाठ मारतात. ती गाठ सुटली की प्रोटीन निकामी."

डॉ. हौशीराम भोर यांच्या खोलीत भिंतभर सत्काराचे फोटो होते. चहा आला, बिस्किटं आली.

"तिची वही? गेल्या वर्षभरात मी पाहिलेली नाही," ते म्हणाले. "गरीब घरची मुलगी, वाईट वाटतं. पण घरी मणी ओवत बसून संशोधन होत नसतं, मॅडम. तुम्हीच तिला समजवा."

मोहिनीबाईंनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून पडलं. त्यांनी चमच्यानं काढायचेही कष्ट घेतले नाहीत.

"मला तर अमृतच वाटतोय," बाहेर आल्यावर गेणभाऊ म्हणाले. "बोटं बगितली का त्याची?"

"भाऊ, बोटं मीसुद्धा मोडते. उद्या तळेघरला जाऊ."

गुरुवारी दोघं वैजयंतीला घेऊन निघाले, तर एसटी चुकली. उरलेली वाट पायी झाली आणि मोहिनीबाईंचा गुडघा वाटभर बोलत राहिला. वैजयंतीची आई लंकाबाई अंगणात तांदूळ मोजत होत्या. तीन राशी, तीन प्रकारचा तांदूळ. पायली भरायची, पोत्यात ओतायची.

पहिली रास संपताच लंकाबाई म्हणाल्या, "धा."

"अकरा," गेणभाऊंनी टोकलं. जन्मभर एसटीत डोकी मोजलेला माणूस गप्प कसा बसणार!

"धाच, पावणं. पयली पायली देवाची. ती मोजत न्हाईत."

दुसऱ्या राशीला पुन्हा तोच वाद झाला. तिसरीला गेणभाऊंनी नाद सोडला.

"म्हंजी दर राशीला देवाचं येगळं?"

"मंग? आमच्यात असंच हाय."

मोहिनीबाई ओट्यावर टेकल्या. "लंकाबाई, मण्यांची माळ एकच होती?"

"तीन व्हत्या. दोरा आकूड पडला. छप्पन-छप्पन मणी पोरीनंच वाटून दिलं. मोजून झाल्यावर गाठी मारून जोडल्या."

मोहिनीबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग वैजयंतीला बाजूला नेऊन म्हणाल्या, "उद्या चोर दाखवता येईल. पण त्यासाठी तुझी एक चूक सगळ्यांपुढे सांगावी लागेल. प्रबंध परत येईल. वर्ष जाईल."

वैजयंतीचे डोळे भरले. सहा वर्षांत सातवं मिळवायची तिच्यात ताकद उरली नव्हती, ते दिसतच होतं.

"काम माझं आहे, हे ठरेल?"

"ठरेल."

"मग सांगा."

शुक्रवारी समितीपुढे मोहिनीबाईंनी पहिल्यांदा अमृतला त्याचा प्रोग्रॅम चालवायला लावला. पडद्यावर जोड्या उमटल्या. सर्वांत वरची होती एकोणतीस आणि पंच्याऐंशी.

"छापलंय अठ्ठावीस आणि त्र्याऐंशी," मोहिनीबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस नंबरला काय आहे?"

अमृतनं पडद्यावर बघितलं. "ग्लायसीन."

"म्हणजे सगळ्यांत छोटं आम्ल. त्याला गाठ मारायला हातच नाही. खालच्या ओळी बघा. छप्पनपर्यंत प्रत्येक आकडा एकानं कमी, पुढे एकशे बारापर्यंत दोननं, त्यापुढे तीननं. प्रोग्रॅम असा चुकेल?"

समितीचे अध्यक्ष कागदावर वाकले. "नाही. पण वैजयंतीच्या प्रबंधातही नेमकं हेच आहे."

"आहे. कारण चूक तिच्या घरची आहे."

सोबत आणलेल्या लंकाबाईंपुढे त्यांनी छप्पन मण्यांच्या तीन माळा ठेवल्या आणि मोजायला सांगितलं. त्यांनी पहिला मणी अंगठ्यानं मागे सारला, मग "येक" म्हटलं. पहिली माळ पंचावन्नावर संपली. दुसरीचा पहिला मणी तसाच मागे गेला आणि दुसऱ्या मण्याला त्यांनी छप्पन म्हटलं. तिसरीलाही तेच. खोलीत कुणी हसलं नाही.

"हा हिशोब तळेघरच्या त्या अंगणातच होतो," मोहिनीबाई म्हणाल्या. "तक्ता तिथूनच निघाला. चोरणाऱ्यानं आकडे पडताळले नाहीत, नुसते उतरवले."

"मी नाही!" अमृत ओरडला. "तक्ता सरांनी दिला. प्रोग्रॅमनं काढला असं सांग, म्हणाले."

"खोटं!" भोर उठले. "यानंच मला आणून दिला. मी फक्त सही केली."

"बसा, सर. बुधवारी तुम्ही म्हणालात, घरी मणी ओवत बसून संशोधन होत नसतं. मण्यांचं तिनं लॅबमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. ते चित्र फक्त वहीत होतं, आणि वही तुम्ही वर्षभर पाहिलेली नव्हती."

भोरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. अध्यक्षांनी भोरांच्या खोलीतलं कपाट उघडायला सांगितलं. वही फायलींच्या मागे सापडली. बढतीला एक शोधनिबंध कमी पडत होता, एवढंच कारण निघालं. इतक्या क्षुल्लक कारणाचा मोहिनीबाईंना राग येण्याऐवजी थकवाच आला.

निर्णय तासाभरात झाला. संशोधन वैजयंतीचं, छापलेला लेख मागे घ्यायचा, भोरांची चौकशी. तिचा प्रबंध दुरुस्तीसाठी परत. प्रत्येक जोडी नव्यानं तपासून वर्षभरात द्यायचा.

बाहेर व्हरांड्यात लंकाबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण नको तेवढं कळलं होतं.

"म्हंजी माझ्या मोजण्यानं तुझं वरीस गेलं गं?"

गेणभाऊ घाईनं म्हणाले, "आवो, त्यानंच तर सुटली ती!" पण लंकाबाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्या लेकीकडेच बघत होत्या.

वैजयंती दमून पायरीवर बसली होती. तिनं आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"तू तुझ्या रीतीनं बरोबर मोजलंस, आई. विचारायचं मी होतं. सहा वर्षं तुझ्याकडनं काम करून घेतलं आणि तू कसं मोजतेस ते एकदाही विचारलं न्हाई." तिनं वही उघडून पहिलं पान आईच्या मांडीवर ठेवलं. "ह्या खेपेला प्रबंधाच्या आभारात न्हाई, कामातच तुझं नाव लिहिणार हाय."

लंकाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पानावरून हात फिरवत रडत राहिल्या, आणि वैजयंतीनं त्यांना रडू दिलं.