तळाशी न बसणारी हळद

जाईपुढे दोन पेले होते. एकात तिने साध्या पाण्यात हळद ढवळली होती, दुसऱ्यात विहिरीचं पाणी होतं. जेवणं उरकेपर्यंत हळद तळाशी बसली. विहिरीच्या पाण्याचा पिवळेपणा मात्र तसाच राहिला.

"आबा, ही हळद खाली का बसत नाही?"

"कारण ती हळद नाही," आबा म्हणाले.

आबा, म्हणजे जाईचे आजोबा डॉक्टर खरात, चंद्रावरच्या वसाहतीसाठी काँक्रीट बनवून निवृत्त झाले होते. चंद्रापर्यंत हात पोचला, पण गावच्या विहिरीत डोकावायला त्यांना सवड झाली नव्हती. खंडोबाचा भंडारा पाण्यात उतरलाय, असं मल्हारवाडीने मानलं आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायलं. आजीही प्यायली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती गेली. त्यानंतर आबांचं हसणंच संपलं.

त्यांनी जाईला टेकडीमागचा ढीग दाखवला. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचा तो कचरा होता. त्यात क्रोमियम (रंगांत वापरला जाणारा एक धातू) होतं. त्याचं विषारी रूप साखरेसारखं पाण्यात विरघळतं, म्हणून तळाशी बसत नाही. पावसात तेच विहिरीत पाझरत होतं.

ढीग उचलून लांब टाकू या, असं जाईने सुचवलं.

"म्हणजे कुणाच्या विहिरीजवळ?" आबांनी विचारलं.

पाझर थांबला नाही तर वस्तीच उठवायची, असं सरकारने ठरवलं होतं. आबांनी दोन टाकाऊ वस्तू मागवल्या : फ्लाय ॲश (वीजकेंद्राच्या धुरातून अडवलेली बारीक राख) आणि स्लॅग (लोखंड वितळवताना वर येणारा मळ). स्लॅगमधली गंधकाची संयुगं विषारी क्रोमियमला न विरघळणाऱ्या रूपात बदलतात. मग राख, स्लॅग आणि सिमेंट मिळून त्याच्याभोवती इतका घट्ट दगड बनवतात की पाण्याला आत शिरायला वाटच सापडत नाही.

घमेलं नावाच्या यंत्रमानवाने त्या कचऱ्याचा ठोकळा घडवला, महिनाभर त्याच्यावर पाणी मारलं आणि मग हातोड्याने तो फोडला. जाईला रडूच कोसळलं. ठोकळा कधीतरी फुटणारच, तेव्हा विष बाहेर येतं का ते आजच बघायला हवं, असं आबांनी समजावलं. तुकडे जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासारख्या आंबट पाण्यात घुसळले. पाणी पिवळं झालं.

आबांनी मिश्रणात स्लॅग वाढवला. नवा ठोकळा, पुन्हा महिनाभर पाणी, पुन्हा हातोडा. या वेळी पाणी नितळ होतं, तरी डोळ्यांवर कुणी विसंबलं नाही. घमेल्याने ते तपासलं.

"विष धोक्याच्या पातळीच्या पुष्कळ खाली," घमेलं म्हणालं.

"म्हणजे विहीर स्वच्छ झाली?" जाईने विचारलं.

"नाही, बाळा," आबा म्हणाले. " आता सगळा ढीग असा बांधायचा. मग नवं विष उतरणार नाही. जुनं उपसायला वर्षं लागतील. स्वच्छ झालेलं पाणी तुझी मुलं पितील."

आजीला असं स्वच्छ पाणी मिळायला हवं होतं, असं जाईला फार वाटलं. तिने देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा आणून तपासलेल्या पाण्यात टाकला, आणि दोघं वाट बघत बसले.

हळद तळाशी बसली.