पेटीवर बसलेला खलाशी

कार्डिफचा पाऊस पडत नाही, तो नुसता हवेत असतो. छत्री उघडावी, तर वारा कुठूनसा धावत येतो आणि ती उलटी करून पळून जातो. २००७ सालच्या एप्रिलमधल्या एका शनिवारी कल्याणीची छत्री अशीच उलटली, आणि समोर एका जुन्या चॅपलचं दार उघडं दिसलं म्हणून ती आत शिरली.

आत कोणी दिसत नव्हतं. ओल्या लाकडाचा आणि पॉलिशचा वास येत होता. भिंतीवर जुने फोटो होते. केसांतलं पाणी निपटत कल्याणी ते बघत चालली, आणि एका फोटोपाशी थबकली. त्यात नऊवारी लुगडं होतं.

बंदराच्या धक्क्यावर एक गोरं कुटुंब उभं होतं. पाद्रीसाहेब, मडम, एक मुलगा, एक कुत्रा. आणि कडेला, मडमेच्या मुलीला कडेवर घेतलेली, लुगड्यातली सावळी तरुण बाई. खाली सुबक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं – नगर जिल्ह्यातल्या मिशनहून परत, १९०९. रेव्हरंड हॉवेल्स, मिसेस हॉवेल्स, ग्विलिम, मेरी, कुत्रा पेरो, आणि आया.

"वा रे वा!" कल्याणी मोठ्यानं म्हणाली. आपली भाषा इथे कोणाला कळतेय, हा भरवसा होता. "कुत्र्याला नाव आहे, आणि बाईला नाही!"

"कुत्र्याची नाव चांगली आहे पण," वरून आवाज आला.

तिनं दचकून वर पाहिलं. शिडीच्या टोकाला एक तरुण बसला होता. हातात दिव्याचा बल्ब, केसांत लाकडाचा भुसा, आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू.

"कुत्र्याचं नाव," कल्याणी म्हणाली.

"सॉरी. कुत्र्याचं नाव. आणि तुझी?"

तिला हसू आवरलं नाही. "माझं... कल्याणी."

"मी मिलिंद." तो खाली उतरला. "बाबा नागपूरचे, इथे हॉस्पिटलात डॉक्टर. मी शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो. सुट्टीला इथली दुरुस्ती पण करतो. मराठी माझा थोडा वाकडा आहे."

"थोडी वाकडी आहे."

"बघ. वाकडी." त्यानं तिच्या हातातली छत्री घेतली, दोन काड्या दाबल्या, एक तार पिळली, आणि छत्री सरळ करून परत दिली. "हे मात्र मला येते."

बाहेर पाऊस थांबला होता. तरी कल्याणी आणखी बराच वेळ तिथेच होती.

चॅपलची सगळी व्यवस्था मिसेस प्रोसर नावाच्या आजी बघायच्या. मिशनसाठी इथून परदेशी गेलेल्या माणसांची आठवण म्हणून जूनमध्ये त्या एक दिवस साजरा करणार होत्या. फोटोतल्या बाईची भाषा बोलणारी मुलगी सापडली म्हटल्यावर त्यांनी कल्याणीला सोडलं नाही. तुमच्या इथल्या मराठी मंडळानं तिच्यावर काहीतरी करून दाखवा, म्हणाल्या. कल्याणीनं आठवडाभर वाचलं, आणि मग नाटुकलं लिहायला बसली.

त्या काळी मडमा बोटीच्या प्रवासात मुलं सांभाळायला आयांना बरोबर आणत. इकडे पोचलं की काम संपलं. मग त्या बायांनी परत जाणारं दुसरं कुटुंब मिळेपर्यंत परक्या मुलखात, थंडीत, वाट बघत बसायचं. कल्याणीच्या नाटुकल्यातली आया अशीच धक्क्यावर थांबते, शेवटी कोणा दुसऱ्या मडमेबरोबर बोटीत चढते, आणि निघून जाते. एक रत्नागिरीचा खलाशी तिची पेटी वर नेऊन ठेवतो. तोही काही विचारत नाही. पडदा.

आया कल्याणीच झाली. खलाशी कोणाला करायचं यावर मंडळाच्या अध्यक्ष वैजयंतीकाकूंनी दोन मिनिटांत निकाल दिला. "मिलिंदला करा. एकही वाक्य नाही ना त्याला? नाहीतर मडमेलासुद्धा 'तो' म्हणेल!"

"काकू, तू बस, मी खुर्ची आणतो," मिलिंद म्हणाला.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या, पण बसल्या.

पेटी मिलिंदनं स्वतः बनवली. जुन्या फळ्यांची, पितळी कोपऱ्यांची, दोरीच्या कड्यांची. झाकणावर एक चौकोन त्यानं घासून गुळगुळीत करून कोरा सोडला होता.

"हे काय?" कल्याणीनं विचारलं.

"पेटीवर मालकाचं नाव रंगवतात. जागा ठेवलीय."

"तिचं नाव कुठे आहे आपल्याकडे?"

"म्हणूनच ठेवलीय."

तालमी संपल्या की दोघं त्या पेटीवर बसून चहा प्यायची. वाद मात्र रोज एकच.

"तुझी शेवट चूक आहे," तो म्हणायचा. "एवढं बंदर. एवढे खलाशी. आणि एकानं पण तिला नाव विचारलं नाही? इम्पॉसिबल!"

"विचारलं असतं तर फोटोखाली असतं."

"फोटोखाली मडमनं लिहिलं. खलाशाला कोणी पेन दिला?" मग तो फोटोकडे बोट करायचा. "आणि बघ ना नीट. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, ती बाजूला बघते. हसते पण. तिकडे कोण आहे?"

"बंदरावरचा खांब असेल."

"खांबाकडे बघून कोणी असं हसत नाही." आणि थोडं थांबून, चहाच्या कपात बघत, "मी असतो तर विचारलं असतं."

कल्याणीचे कान तापले. "तू नव्हतास. आणि मी खोटं नाव लिहिणार नाही, मिलिंद. आपण देऊ ते तिचं नसेल."

एरवी तो हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी हसला नाही. "माझ्या आजोबांना गावात कोणी नावानं बोलवायचे नाही. 'ए' म्हणायचे. बाबा सांगतात. नागपूरला मिलमध्ये आले, तिथे पहिल्या दिवशी एका माणसानं विचारलं, तुझं नाव काय. आजोबा रडले. तो माणूस मग त्यांचा आयुष्यभर दोस्त होता." त्यानं कप खाली ठेवला. "नाव खोटं नको लिहू. पण विचारलंच नाही, असं पण नको ना लिहू."

कल्याणीनं दोघांचे कप उचलले. शेवट मात्र तिनं बदलला नाही.

बदलणार कसा? तिचीही गोष्ट तशीच चालली होती. ज्या कामासाठी पुण्याहून कंपनीनं तिला पाठवलं होतं, ते संपत आलं होतं. आणखी दोन वर्षं राहतेस का, असं ऑफिसनं विचारलं होतं. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिनं हे मिलिंदला सांगितलं, तेव्हा तो पेटीच्या कडीची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधत राहिला.

"मग... काय करशील?"

"बघू."

"हो... बघ." बस, एवढंच. आयेला विचारायला शंभर वर्षं मागे जायला तयार असलेला माणूस, आणि समोर बसलेल्या बाईला दोन शब्द विचारता येईनात! कल्याणीनं रागारागानं घरी जाऊन निम्मी बॅग भरली. ऑफिसनं विचारलं म्हणून राहायचं, हे तिला पटेना. आणखी कोणीतरी विचारायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी चॅपल गच्च भरलं. पुढे मिसेस प्रोसर आणि त्यांच्या वयाच्या वेल्श आज्या, मागे ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या मंडळाच्या बायका. कल्याणी नऊवारीत उभी राहिली, आणि तिचं तिलाच वाटलं, की मागच्या फोटोतून कोणीतरी आपल्याकडे बघतंय. नाटुकलं रंगलं. मडमेनं आयेला धक्क्यावर सोडलं तेव्हा पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

शेवटचा प्रसंग आला. बोटीचा भोंगा वाजला. खलाशी आला, पेटीपाशी वाकला...

आणि पेटी न उचलता तिच्यावर बसला.

कल्याणी बघतच राहिली. हे लिहिलेलं नव्हतं.

"पेटी जड आहे," मिलिंद म्हणाला. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "नाव सांग. नाव सांगितल्याशिवाय पेटी हलणार नाही."

"ऊठ ना!" ती ओठातल्या ओठात पुटपुटली.

"नाही उठत."

विंगेतून वैजयंतीकाकू फिसकारल्या, "अरे, तुला वाक्य नाहीये!" पण तोवर मागच्या रांगांत हसू फुटलं होतं. लग्नघरी नव्या नवरीची वाट दारात अडवून बायका जसा हट्ट धरतात, तसा कोणीतरी पहिला आवाज टाकला – "नाव घे!" मग दुसरा, मग सगळ्याच. "नाव घे! नाव घे!" काय चाललंय ते न कळताच पुढच्या वेल्श आज्यांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. सगळ्यांत जोरात मिसेस प्रोसर.

कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. त्या बाईसाठी एवढी माणसं कधी ओरडली नव्हती. नाव खोटं घ्यायचं नव्हतं. पण विचारणारा तर समोर बसला होता, खराखुरा, कपाळावर घाम आलेला.

ती वाकली, आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. कोणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं! मोठ्यानं!" बायका ओरडल्या.

मिलिंद उठला. कान लाल झाले होते. "नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "तिनं मला सांगितलं." मग पेटी खांद्यावर घेतली, आणि बोटीकडे नाही, तर सरळ रंगमंचाच्या पायऱ्या उतरून, लोकांच्या मधून, दाराकडे चालू लागला. आया मागोमाग निघाली. पुढच्या रांगा उठल्या, मग मागच्या उठल्या, आणि चॅपलचं छप्पर उडेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर तोच पाऊस, हवेत लोंबकळणारा. दारातल्या आडोशाला मिलिंदनं पेटी ठेवली. त्याचा श्वास फुलला होता.

"तू कानात म्हणालीस..."

"काय म्हणाले?"

"'आता मलाही विचार.'"

"मग? विचार की. की आणखी शंभर वर्षं लागणार?"

तो पुन्हा पेटीवर बसला, जणू तीच बसायची जागा. दोन्ही हातांनी कड्या घट्ट धरल्या. "कल्याणी... राहशील? ऑफिससाठी नाही. माझ्यासाठी. मला तू फार... फार आवडतो."

"आवडतेस!"

"आवडतेस. राहशील?"

मागे दार करकरलं. वैजयंतीकाकू आणि त्यांच्यामागे आख्खं मंडळ दारात दाटीवाटीनं उभं होतं. कोणी काही बोलत नव्हतं, हेच नवल.

कल्याणीनं लुगड्याचा पदर खांद्यावरून घेतला, ताठ उभी राहिली, आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली –

"पेटीवर जाऊन बसला, हलेना काही केल्या,
मिलिंदचं नाव घेते, चॅपलच्या पायऱ्या ओल्या!"

काकूंनी शिट्टी मारली. हो, वैजयंतीकाकूंनीच.

"याचा अर्थ... हो?" मिलिंदनं विचारलं.

"याचा अर्थ, आता पेटी उचल. आत न्यायचीय."

त्यानं पेटी उचलली. वाटेत त्या फोटोसमोरून जाताना दोघंही आपोआप थांबली. लुगड्यातली बाई तशीच बाजूला, चौकटीबाहेर बघत हसत होती. कल्याणीनं नीट पाहिलं.

"खांब नाहीये," ती हळूच म्हणाली.

"मी काय सांगत होतो!" मिलिंद म्हणाला.