वळचणीखालचं बाळ

हे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत घडलं. ज्या घरात घडलं, तिथेच मी आज राहते. पटलं नाही तर सोडून द्या.

सासूबाईंचं नाव गेगानिया, गाव आल्बा. रोमचे पहिले राजे आल्बाच्याच लेकीच्या पोटचे. म्हणजे रोमचं आजोळच ते. तरी रोमच्याच सैन्याने ते पाडलं आणि माणसं इथे रोमच्या टेकडीवर आणून वसवली.

निघायला अर्धा दिवसही मिळाला नाही. सासूबाईंनी चुलीतला विस्तव घेतला, धान्याचं मडकं घेतलं. पण वळचणीखाली त्यांचा आठ दिवसांचा मुलगा पुरलेला होता. इतकी लहान लेकरं आम्ही घरापाशीच ठेवतो.

त्याला उकरून घ्यायला वेळ मिळाला नाही.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, दिवेलागणीला...

इथल्या झऱ्यापलीकडून तान्ह्याचं रडणं आलं.

"मांजर असेल गं," सासरे म्हणाले.

"अहो, चार लेकरं वाढवलीत मी. मला मांजर सांगता?"

दुसऱ्या संध्याकाळी रडणं अंगणाजवळच्या अंजिराच्या झाडाशी आलं. तिसऱ्या संध्याकाळी... या घराच्या वळचणीखाली.

मग थांबलं.

सकाळी चिखलात पावलं होती. तान्ह्याची नव्हेत, दोन वर्षांच्या पोराची. येतानाची होती.

जातानाची... नव्हती.

सासूबाई तिथेच बसून रडल्या. "वाटेतच चालायला शिकलं हो. बोट धरायलाही कुणी नव्हतं."

पुढे सासऱ्यांनी टेकडीखाली मोठं घर बघितलं.

"तुम्ही खुशाल जा," सासूबाई म्हणाल्या. "मी एकदा टाकून आले, आता नाही."

कुणीच गेलं नाही.

मरताना त्यांनी एकच मागितलं. "मला वळचणीखाली पुरा." पण मोठ्या माणसाला घरापाशी पुरत नाहीत. माझ्या नवऱ्याने रीत पाळली. गावाबाहेर, नदीकडच्या रस्त्याला त्यांना पुरलं. मी गप्प बसले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी वळचणीखाली रडणं सुरू झालं...

मी दुधाची वाटी ठेवली. तिला कुणी शिवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रडणं अंजिराशी होतं. तिसऱ्या दिवशी झऱ्यापलीकडे. मग ऐकूच येईना.

झऱ्यावरून वाट जाते ती आल्बाला. ते आईला शोधायला जुन्या घरी गेलंय. तिथे आता घर नाही, आणि आई इथे उलट्या दिशेला आहे.

रोज दिवेलागणीला मी दारात उभी राहते. हाक मारून त्याला परत बोलवावं, असं वाटतं.

पण मुलाचं नाव आम्ही नवव्या दिवशी ठेवतो.

हे बाळ आठव्या दिवशीच गेलं होतं.