चारशे बारा ढोल

कुरोमिने डोंगराच्या माथ्यावर सात माणसं होती, आणि त्यांना उजेड असेतो खाली आणायचं होतं. काम एवढंच! पण ते तिघांच्याच गळ्यात का पडलं, हे आठवलं की चढताना ओरिएच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

ओरिए गावच्या गरम झऱ्याची राखणदार. झऱ्याचं पाणी दोन दिवसांत चव्वेचाळीस अंशांवरून एक्कावन्नवर गेलं, हे तिने डोंगराखालच्या निरीक्षण केंद्रात दोनदा जाऊन सांगितलं. तिने पुढे केलेला थर्मामीटर न बघताच केंद्रप्रमुख हसले होते. "बाई, कोपर बुडवून मोजलेलं आमच्या शास्त्रात बसत नाही!"

आणि भूकंपमापकाची सुई? ती थरथरत होती, पण त्याचं कारण म्हणे सगळ्यांना ठाऊक होतं. दर ऑक्टोबरात पांढऱ्या कपड्यातले भक्त डोंगर 'बंद' करायला, म्हणजे चढाईचा हंगाम संपल्याची पूजा करायला, माथ्यावर जातात, मोबाईल पायथ्याच्या देवळात ठेवतात आणि तीन दिवस मौन पाळतात. त्या मौनात बोलतो तो फक्त ढोल. माथ्यावरच्या छोट्या देवळीपासून वीस पावलांवर केंद्राचं यंत्र, त्यामुळे ढोल वाजला की खाली केंद्रातली सुई हलते. म्हणून या दिवसांतल्या प्रत्येक रेघेसमोर केंद्रात डोळे झाकून लिहितात : ढोल. यंदा दोन दिवसांत तसं चारशे बारा वेळा लिहून झालं होतं!

आणि आज सकाळी ओरिए झऱ्याचं पाणी निववून सोडतात तो आंघोळीचा हौद बघायला गेली, तर ढोल वाजवणारा हाचियाच गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला.

"काका, तुम्ही इथे? मग वर ढोल कोण बडवतंय?"

"कोण बडवणार? परवा पहिल्याच दिवशी, पहिल्याच ठोक्याला चामडं फाटलं. ढोल पाठीवर घालून उतरलो, दुरुस्तीला टाकलाय, आज मावळतीच्या आत वर न्यायचाय. का गं?"

ओरिए तशीच केंद्रावर धावली. तिथे एकटा उसुदा होता, चौतीस वर्षांचा, त्या चारशे बारा नोंदी स्वतःच्या हाताने लिहिणारा. ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने प्रमुखांना फोन लावला. प्रमुख हॉटेलवाल्यांच्या बैठकीत होते. पर्यटकांचा लाल पानांचा हंगाम ऐन भरात, तेव्हा उद्या बघू, म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय बचावपथक हलेना. मग ओरिए निघाली, कारण त्या सातांची म्होरकी तिची सख्खी बहीण तोमिए होती. हाचिया निघाला, आणि कोणी न बोलावता उसुदाही निघाला.

"समुद्राचा तळ आपल्या खाली घुसतो," चढावर धापा टाकत उसुदा सांगू लागला. "त्यामुळे खोलवर खडक वितळतो. तो रस वर येताना वाटेतले दगड फोडतो. म्हणून एक मोठा धक्का नाही, असे शेकडो बारीक—"

"वा! एवढं ठाऊक असून ढोल लिहीत बसला होतात?" ओरिए कडाडली. "एकदा वर कोणाला विचारायचं तरी!"

उसुदाने पुढे पाऊल टाकलं. तेवढ्यात पाय सरकला! त्याचा नव्हे, डोंगराचा. वरून दगडांचा लोट सुटला. "कडेला!" हाचिया ओरडला. तिघे कड्याला चिकटले. डोक्याएवढे धोंडे अंगावरून दरीत गेले. धूळ बसली तेव्हा पुढची वीस हात वाट जागेवर नव्हती! उरली होती फक्त कड्यात ठोकलेली जुनी साखळी. तिला लोंबकळत, पाय टेकायला खाच शोधत, ते एकेक करून पार झाले. सत्तरीचा हाचिया सगळ्यांच्या आधी!

माथ्यावर गंधकाचा वास घशात खुपत होता. देवळीपुढे सातही जण शांत बसले होते. ओरिए धावत गेली.

"ताई, ऊठ! डोंगर फुटणार आहे!"

तोमिएने ओठांवर बोट ठेवलं. मग सूर्याकडे दाखवलं. मावळतीला ढोलाचे सात ठोके पडल्याखेरीज मौन सुटत नाही आणि कोणी उठत नाही. तिच्या आजेसासूपासून चालत आलेला नेम होता.

"ढोल खाली चांभाराकडे पडलाय! दोन वाजलेत! मावळतीपर्यंत बसलीस तर गावाला तुझी राखसुद्धा मिळणार नाही!" ओरिएचा आवाज फाटला. रागाने तिला रडू फुटलं. खाली साहेब ऐकत नाही, वर बहीण ऐकत नाही! जमीन पुन्हा हादरली. तोमिएने डोळे मिटले, पण जागा सोडली नाही.

हाचियाने इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर यंत्रावरच्या पत्र्याच्या झाकणावर थांबली. "काय रे, हे डबडं वाजेल का?"

"अहो, ते सरकारी—" उसुदा अडखळला. मग त्याने झाकणावरचा दगड स्वतःच लाथेने उडवला. "वाजवा!"

"सूर्य अजून वर आहे, काका," ओरिए पुटपुटली.

"ढोलवाला म्हणेल तेव्हा मावळती!" म्हाताऱ्याने काठी उचलली.

ढण्! ढण्! सारख्या अंतराने, ठाय लयीत, पूर्ण सात.

तोमिएने डोळे उघडले. "रडतेस काय? सुगामोबुवांचे गुडघे गेलेत, पाठीवर घे त्यांना!"

देवळीतला आरसा, त्यांचा देवच तो, तिने जागेवरच ठेवला. दहा माणसं उतरू लागली. साखळीपाशी उसुदा खाली वाकला आणि एकेकाचा पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्याने आठ जणांना पार केलं. सुगामोबुवांना ओरिएने कमरपट्ट्याने पाठीला बांधून नेलं. जंगलाची कड लागली, आणि मागे आभाळ फाटलं! काळा लोट सरळ वर चढला. पेटते दगड झाडांवर कोसळू लागले. "खडकाखाली!" सगळे एकमेकांवर पडले, पिशव्या डोक्यावर. राखेत हात दिसेना. ओरिए नावं पुकारत होती आणि स्वतःला धरून प्रत्येक 'ओ' मोजत होती. आठ. नऊ. दहावा कुठाय?

"ओ!" उसुदा खोकत म्हणाला. त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं.

पायथ्याशी आता मात्र सगळे हजर होते. गाड्या, दिवे, कॅमेरे आणि केंद्रप्रमुख. हातात सुईच्या रेघांचा कागद नाचवत ते सांगत होते, "कोणतीही पूर्वसूचना नव्हती! ही नोंद बघा, स्फोटापर्यंत नुसता ढोलच आहे!"

ओरिएने राखेने माखलेला हात पुढे केला आणि कागद धरला. दोन दिवसांच्या त्या वेड्यावाकड्या, दाटीवाटीच्या रेघा. आणि शेवटाकडे, आज दोन वाजून दहा मिनिटांनी, सारख्या अंतरावर, एकसारख्या, नीटनेटक्या सात.

"हा ढोल, साहेब," ती म्हणाली. "आणि हे बाकीचं काय आहे?"

"साहेब, ते मी लिहिलं," उसुदा मागून म्हणाला. "चारशे बारा वेळा. खाली सही तुमची आहे."

कॅमेरे वळले. प्रमुख कागद गुंडाळायला लागले, पण दुसरं टोक ओरिएच्या मुठीत होतं आणि ती सोडत नव्हती.